अरुंद सेरिफ अक्षरे: शीर्षकापुरतीच का?

प्रश्न: एका इंग्रजी पुस्तकाच्या मुखपृष्ठासाठी मी जुन्या वळणाचा, उंच आणि अरुंद सेरिफ (म्हणजे रेषांच्या टोकांना छोटे फटकारे असलेला) फॉन्ट निवडला. शीर्षकात तो शोभतो. परंतु मलपृष्ठावरील परिचय त्याच फॉन्टात लावल्यावर मजकूर वाचवत नाही. असे का होते? शिवाय, असा फॉन्ट विकत घेण्याऐवजी नेहमीचा सेरिफ फॉन्ट संगणकावर रुंदीत दाबून घेतला तर चालेल का?

उत्तर: दुसरी शंका आधी घेतो. सेरिफ अक्षरांत उभ्या रेषा साधारणतः जाड आणि आडव्या रेषा बारीक असतात. अक्षर 70 टक्के रुंदीवर दाबले की उभ्या रेषांची जाडीही तेवढीच घटते, आडव्या रेषा मात्र होत्या तशाच राहतात, आणि ज्या फरकावर त्या अक्षराचे सौंदर्य उभे असते तोच पुसट होतो. अरुंद फॉन्ट आखणारा कलाकार रुंदी मुख्यतः अक्षराच्या पोटातील पोकळीतून काढतो, उभ्या रेषांचे वजन सांभाळतो आणि गोलाईच्या बाजू सरळ करतो. ते काम दाबून होत नाही.

ही अक्षरे वाढली ती एकोणिसाव्या शतकातील भित्तिपत्रकांवर. कागदाची रुंदी ठरलेली, शब्द मात्र लांबून दिसायला हवा. तेव्हा अक्षर उंच करून बाजूंनी आवळणे ओघानेच आले. मोठ्या मापाचे धातूचे खिळे, म्हणजे छपाईचे अक्षरठसे, जड आणि महाग पडत. न्यूयॉर्कच्या डॅरियस वेल्स यांनी 1827 मध्ये लाकडी खिळे यंत्राने कोरण्याची रीत आणली आणि मोठी अक्षरे स्वस्त झाली. याच परंपरेची आठवण देणारा, गेरी पॉवेल यांचा 1937 मधील ऑनिक्स हा फॉन्ट अवश्य पाहावा. जाड खांब आणि केसासारख्या रेषा यांचा इतका धीट मेळ क्वचितच दिसतो.

आता परिचयाच्या मजकुराविषयी. लहान मापात त्या केसासारख्या रेषा छपाईत तुटतात, आवळलेल्या पोकळ्या शाईने भरतात, आणि शीर्षकासाठी मुद्दाम कमी ठेवलेले अक्षरांतर शब्दांना एकमेकांत गुंतवते. म्हणून परिचय नेहमीच्या रुंदीच्या, शांत सेरिफमध्ये लावावा. दोन्ही फॉन्ट दिमाखदार असले तर ते एकमेकांशी भांडतात, असे माझे मत आहे. शीर्षक गडद रंगावर पांढऱ्या अक्षरांत असेल तर विशेष जपावे, कारण बारीक रेषा शाई पसरल्याने बुजतात. पडद्यावर हे कळत नाही. मुखपृष्ठाचा नमुना प्रत्यक्ष मापात, शक्यतो त्याच कागदावर, छापून पाहावा. ए आणि व्ही यांसारख्या जोड्यांमधील फट मात्र हातानेच जुळवावी लागेल. फॉन्ट घेताना परवाना छापील पुस्तकाबरोबर ई-पुस्तकालाही लागू आहे का, हे वाचून घ्यावे. अनेकदा त्यासाठी वेगळे शुल्क असते.