'साभार' म्हणजे परवानगी नव्हे

विचारणाऱ्या बाई शिक्षणशास्त्राच्या विद्यार्थिनी आहेत, लवकरच वर्गात शिकवायला उभ्या राहतील. 'वर्गातलं तंत्रज्ञान आणि कॉपीराइट' या विषयावर भावी शिक्षिका म्हणून त्यांना टिपण लिहायचं आहे. त्यांचा प्रश्न दुहेरी आहे. कॉपीराइटला प्रताधिकार म्हणावं, स्वामित्वहक्क म्हणावं की कॉपीराइटच ठेवावं? आणि त्यांच्या टिपणातलं हे वाक्य मराठी म्हणून बरोबर आहे का: 'शिक्षकाने नेटवरील फ्री साहित्य साभार शेअर करून कॉपीराइटचे उल्लंघन टाळावे.'

वाक्य व्याकरणात बसतं. अर्थात मात्र नाही बसत, आणि त्याचा दोष कॉपीराइट या शब्दाकडे जात नाही. फ्री, साभार, शेअर आणि उल्लंघन हे चार शब्द घोळ घालतात. पण आधी नामाचा निकाल लावू.

'प्रताधिकार' या शब्दावर एक जुना आक्षेप आहे: मूळ संस्कृत शब्द 'प्रति', म्हणून संधी 'प्रत्यधिकार' व्हायला हवा. मला हा आक्षेप पटत नाही. 'प्रत' हा मराठीत केव्हाच स्वतंत्र झालेला शब्द आहे. आपण पुस्तकाच्या प्रती मोजतो, 'प्रति' मोजत नाही. तेव्हा प्रत आणि अधिकार मिळून प्रताधिकार. हिंदी कायद्यातल्या 'प्रतिलिप्यधिकार'पेक्षा तो जिभेला सोपाही आहे. 'स्वामित्वहक्क' रूढ आहे, कानाला भारदस्त वाटतो, पण जमिनीचा असतो तसा घराचाही स्वामित्वहक्क असतो. पुस्तक विकत घेतलं की त्या प्रतीचं स्वामित्व माझं झालं. मजकुराचे हक्क नाही झाले. नेमका हाच फरक विद्यार्थ्यांना समजावून सांगायचा असताना दोन्हीकडे लागू पडणारा शब्द कशाला वापरायचा?

स्वामित्वहक्कवाल्यांच्या बाजूने एक मुद्दा खरा आहे, तोही सांगतो. हा हक्क आता फक्त प्रती काढण्यापुरता उरलेला नाही. भाषांतर, रूपांतर, प्रयोग, प्रसारण सगळं त्यात येतं. वर्गात पडद्यावर चित्रपट दाखवला तर प्रत कुठे निघाली? तरी प्रश्न याच हक्काचा. म्हणजे 'प्रताधिकार' अक्षरशः घेतला तर तोकडा पडतो. पण मग इंग्रजी शब्दही तितकाच तोकडा आहे, कारण तो छापखान्याच्या काळातला आहे. 1710 साली इंग्लंडात जो पहिला मोठा कायदा लागू झाला, तो नव्या पुस्तकाला 14 वर्षं हक्क देत होता आणि ती संपताना लेखक हयात असेल तर आणखी 14. त्या कायद्याच्या लांबलचक नावाची सुरुवात 'विद्येच्या उत्तेजनार्थ' अशा अर्थाच्या शब्दांनी होते. बाईंनी हे टिपणात जरूर घ्यावं. प्रताधिकार म्हणजे शिक्षणाच्या वाटेतली धोंड, असं समजणाऱ्यांना ते ऐकवण्याजोगं आहे. फ्रेंच आणि जर्मन भाषांनी 'प्रत' सोडून 'कर्त्याचा हक्क' अशा अर्थाचे शब्द घेतले. आपण तसं केलं नाही, आता नवा शब्द पाडण्यात हशील नाही. पहिल्या उल्लेखात 'प्रताधिकार म्हणजेच कॉपीराइट' लिहा, पुढे प्रताधिकार. मुलांशी बोलताना खुशाल कॉपीराइट म्हणा.

फक्त एक सांभाळा. शाळेत 'कॉपी' या शब्दाला भलताच वास आहे. कॉपी म्हणजे परीक्षेतली लबाडी, शेजाऱ्याच्या पेपरातून उतरवणं. त्यामुळे कॉपीराइट म्हटलं की मुलांना तो लबाडीविरुद्धचा नियम वाटतो, आणि 'मी नाव दिलं आहे, मग मी लबाडी कुठे केली?' हा प्रश्न ओघानेच येतो. इथे दोन वेगळे गुन्हे एकमेकांत मिसळले जातात. एक वाङ्मयचौर्य: दुसऱ्याचं लेखन आपलं म्हणून खपवणं. दुसरा प्रताधिकारभंग: हक्क नसताना प्रती काढणं किंवा वाटणं. तीनशे वर्षांपूर्वीची कविता स्वतःच्या नावावर छापली तर वाङ्मयचौर्य होतं. प्रताधिकार कधीच संपलेला आहे, म्हणून त्याचा भंग होत नाही. उलट, यंदा आलेलं अख्खं पुस्तक लेखकाच्या नावासकट स्कॅन करून वर्गाच्या ग्रुपवर टाकलं तर चौर्य अजिबात नाही, भंग मात्र पुरेपूर. हा फरक मुलांना एकदा कळला की कायद्याची बरीच वाट सोपी होते.

आता 'साभार'. स अधिक आभार, म्हणजे आभारासह. संपादकांच्या 'साभार परत' या शेऱ्याने मराठी लेखकांच्या किती पिढ्या पोळल्या आहेत! तेव्हाही त्या शब्दात आभाराखेरीज काही नव्हतं आणि आजही नाही. चित्राखाली 'साभार' लिहिल्याने एवढंच कळतं की वापरणारा कृतज्ञ आहे. त्याने विचारलं होतं का, हे कळत नाही. 'सौजन्य' त्याहून फसवा. सौजन्य देणाऱ्याने दाखवायचं असतं, घेणाऱ्याने परस्पर त्याच्या नावावर मांडायचं नसतं. खरोखर विचारलं असेल तर 'परवानगीने' हा साधा शब्द आहे. विचारलं नसेल, पण कायदा तेवढी मुभा देत असेल, तर कर्त्याचं नाव आणि मूळ स्रोत द्यावा. याला 'श्रेयनिर्देश' म्हणतात. त्यात आभार आलेच पाहिजेत असं नाही.

'फ्री'ने तर तीन अर्थ गिळले आहेत. मोफत म्हणजे पैसे पडत नाहीत. मुक्त म्हणजे वापरण्याची, वाटण्याची, बदलण्याची मोकळीक आधीच दिलेली आहे. प्रताधिकारमुक्त म्हणजे हक्कच उरलेला नाही, बहुधा मुदत संपली म्हणून. नेटवर सहज दिसणारं बहुतेक साहित्य पहिल्या प्रकारचं असतं आणि आपण ते तिसऱ्या प्रकारचं समजून वापरतो. '© चिन्ह कुठे दिसत नाही' हा युक्तिवाद तर टिकतच नाही. प्रताधिकाराबद्दलच्या 1886 च्या आंतरराष्ट्रीय बर्न कराराच्या चौकटीत नोंदणी किंवा चिन्ह ही हक्काची अट नाही. कृती कागदावर किंवा पडद्यावर उतरली की हक्क उत्पन्न झाला. तो करार लेखकाच्या मृत्यूनंतर किमान 50 वर्षांची मुदत सांगतो, भारतात ती 60 आहे आणि युरोपीय संघात 70. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने 2002 मध्ये आले, ते मधल्या, म्हणजे 'मुक्त' गटातले. तिथे कर्ता हक्क सोडत नाही, अटींवर मोकळीक देतो. श्रेयनिर्देश करा, धंद्यासाठी वापरू नका, बदलून वाटलंत तर त्याच अटींवर वाटा, अशा त्या अटी. म्हणून अशा चित्राला 'कॉपीराइट-फ्री' म्हणणं चूक आहे, 'मुक्त परवान्याचं' म्हणावं. (जाहिरातींत दिसणारं 'रॉयल्टी-फ्री' हे चौथंच प्रकरण. त्यात बहुधा एकदा पैसे मोजायचे असतात, प्रत्येक वापराला नाही.)

'शेअर'मध्ये दोन क्रिया लपल्या आहेत: दुवा (लिंक) पाठवणं आणि प्रत पाठवणं. कायद्याच्या दृष्टीने त्या फार लांबच्या आहेत. अधिकृत ठिकाणाचा दुवा दिला तर मुलं मूळ जागी जाऊन वाचतात. फाइल पाठवली तर चाळीस फोनांत चाळीस प्रती तयार होतात, पुढे कुठवर जातील कुणी सांगावं. पूर्वी 'उतरवून घेणं' म्हणजे वहीत लिहून घेणं होतं, त्याला हाताच्या वेगाची मर्यादा होती. आता डाउनलोडलाही आपण 'उतरवून घेणं' म्हणतो. शब्द तोच, मर्यादा गेली. टिपणात जिथे शेअर आलं आहे तिथे थांबून दुवा की प्रत हे ठरवा. मला तर हाच बाईंच्या टिपणाचा गाभा व्हायला हवा असं वाटतं.

'शिक्षणासाठी आहे म्हणून चालतं' हे वाक्य बाईंनी लिहिलेलं नाही, पण त्यांच्या वाक्याखाली ते दडलेलं आहे. अर्धं खरं आहे. बर्न करार शिकवताना उदाहरणादाखल वापर करू देण्याची मोकळीक देशांच्या कायद्यांवर सोपवतो, पण हेतूपुरताच, रास्त पद्धतीने आणि नाव देऊन. भारताच्या 1957 च्या कायद्यातलं कलम 52 शिक्षक किंवा विद्यार्थी शिकवण्याच्या ओघात जी प्रत काढतात तिला सूट देतं. अमेरिकेच्या 1976 च्या कायद्यात वर्गासाठी काढलेल्या अनेक प्रतींचा उल्लेख आहे, तरी वापराचा हेतू, मूळ कृतीचं स्वरूप, किती भाग घेतला आणि बाजारावर काय परिणाम झाला हे चारही प्रश्न विचारले जातातच. 'शिकवण्याच्या ओघात' या शब्दांकडे नीट पाहा. वर्गातल्या पाठापुरता उतारा वेगळा आणि तोच उतारा असलेला पाठाचा व्हिडिओ साऱ्या जगाला उघड्या वाहिनीवर कायमचा ठेवणं वेगळं. शिक्षिका तीच, मुलं तीच, व्हिडिओही तोच, पण दुसऱ्या वापराला ही सूट पुरेलच असं धरून चालू नये.

उरलं 'उल्लंघन'. नियमाचं किंवा कायद्याचं उल्लंघन होतं, हक्काचा भंग होतो. म्हणून 'प्रताधिकाराचा भंग' किंवा 'प्रताधिकार कायद्याचं उल्लंघन', दोन्ही चालतील. 'कॉपीराइटचे उल्लंघन' या दोहोंच्या मधे लटकतं. वाक्य मी असं करेन: 'शिक्षकाने मुक्त परवान्याचे साहित्य श्रेयनिर्देशासह वापरावे, इतर साहित्याचा शक्यतो दुवा द्यावा आणि प्रत वाटायची असेल तर कायद्यातली सूट तिला लागू पडते का हे आधी पाहावे.' लांबलं खरं, पण आता त्याच्यावर भरवसा ठेवता येईल.

शेवटी लिंगाचं. 'कॉपीराइट कुणाचा' असंच आपण म्हणतो, कारण हक्क आणि अधिकार दोन्ही पुल्लिंगी. नुसती 'कॉपी' मात्र प्रत आणि नक्कल यांच्या पंगतीत बसून स्त्रीलिंगी झाली. 'राइट' की 'राईट' याबद्दल लेखनात एकवाक्यता नाही. मी ऱ्हस्व लिहितो, तुम्ही काहीही निवडा, फक्त अख्ख्या टिपणात तेच ठेवा.