चिपवरचं फुप्फुस

प्रश्न : माझी सून औषध संशोधनात आहे. ती म्हणते, आता औषधं उंदरांऐवजी ‘चिपवरच्या फुप्फुसा’वर तपासतात. ती माझी फिरकी घेतेय का? — एक आजोबा, सदाशिव पेठ, पुणे

उत्तर : आजोबा, सूनबाई खरं बोलतायत. (पेठेत एवढी कबुली पुरे!) फक्त मोबाइलमधली चिप डोळ्यांसमोर आणू नका. ही सिलिकॉन रबराची पारदर्शक पट्टी, पेन ड्राइव्हएवढी. आत एकावर एक दोन बारीक मार्ग, मध्ये सच्छिद्र पडदा. वर माणसाच्या फुप्फुसातल्या पेशी आणि हवा. खाली रक्तवाहिनीच्या पेशी आणि वाहता द्रव. बाजूच्या पोकळ्यांतली हवा पंपाने ओढली की पडदा ताणतो, सोडली की सैल पडतो. पट्टी चक्क श्वास घेते! हार्वर्डमधल्या डोनाल्ड इंगबर यांच्या गटाने २०१० मध्ये ती जगापुढे मांडली. हवेच्या बाजूला त्यांनी जंतू सोडले, तर खालून वाहणाऱ्या पांढऱ्या पेशी पडदा ओलांडून वर आल्या आणि त्यांनी जंतू गिळले. मला तरी हा प्रयोग सगळ्यात भारी वाटतो.

भारतानेही मार्च २०२३ मध्ये नियम बदलून अशा चाचण्यांना वाव दिला. पण उंदरांची सुटका इतक्यात नाही. एका पट्टीत अख्खं शरीर मावत नाही, आणि हे रबर काही औषधं स्वतःच शोषून घेतं; मग पेशींपर्यंत नेमकं किती पोहोचलं, हे सांगणं अवघड. सूनबाई यावर काय तोडगा काढतात, ते जरूर विचारा.