वाचकांचे प्रश्न : भाव आपण सांगायचा, पण कोणाला?

या अंकासाठी निवडलेली चारही पत्रे कॅमेरा आणि लेन्स यांच्या खरेदीविषयी आहेत. किंमत विक्रेत्याने लावण्याऐवजी ग्राहकाने सांगायची, ही ऑनलाइन पद्धत आपल्या भागातील माणसाला कितपत उपयोगी पडेल, अशी विचारणा त्या सर्वांत या ना त्या रूपात आहे. जागेअभावी पत्रे संक्षिप्त केली आहेत.

प्रश्न : मी लग्नसमारंभांचे छायाचित्रण करतो आणि पावसाळा सरताना कासच्या पठारावर फुलांची छायाचित्रे काढतो. अमेरिकेतील माझा मावसभाऊ म्हणतो, की तेथे आपणच किंमत सांगून नवा कॅमेरा घेता येतो आणि तो इथल्यापेक्षा बराच स्वस्त पडतो. दिवाळीला तो येणार आहे. त्याच्याकडून बॉडी (लेन्सशिवायचा नुसता कॅमेरा) मागवावी का? — एक वाचक, सातारा

उत्तर : ही पद्धत मुळात कॅमेऱ्यांसाठी निघालेली नाही. प्राइसलाइन या अमेरिकी कंपनीने १९९८ मध्ये ती विमानतिकिटांसाठी सुरू केली. प्रवाशाने आपली किंमत आणि कार्डाचा तपशील द्यायचा; एखाद्या विमान कंपनीला ती किंमत परवडली, की तिकीट विकले गेले, मग ते परत करण्याची सोय नाही. विमान उडाल्यावर रिकाम्या आसनाची किंमत शून्य होते, म्हणून कंपन्या पडत्या भावाला राजी होत, आणि तो भाव चारचौघांत जाहीर होत नसल्यामुळे पूर्ण दर मोजणारा प्रवासीही हातचा जात नसे. किराणा आणि पेट्रोल याच रीतीने विकण्याचा जोडप्रयोग मात्र २००० सालीच गुंडाळावा लागला, तर विमानतिकिटांची मूळ सोय २०१६ मध्ये बंद झाली. पुढे ग्रीनटोसारख्या सेवेने हीच कल्पना कॅमेऱ्यांना लावली : ग्राहक मॉडेल निवडून किंमत सांगतो, ती सेवेशी जोडलेल्या अधिकृत विक्रेत्यांपुढे जाते आणि ज्याला परवडेल तो ती स्वीकारतो.

कॅमेरा आज विकला गेला नाही, तर उद्या विकता येतो. मग दुकानदाराने भाव का उतरवावा? याचे कारण उत्पादक आणि विक्रेता यांच्यातील करारात आहे. अमेरिकेत कॅमेऱ्यांचे अनेक उत्पादक जाहिरातीतील किमान किमतीचे बंधन घालतात. त्याखालचा आकडा विक्रेत्याने जाहिरातीत दाखवायचा नसतो, परंतु प्रत्यक्ष विक्री त्याहून कमी भावाने करण्यास त्या बंधनाची आडकाठी नसते. त्यामुळे तेथील सर्व दुकानांत एकाच मॉडेलची किंमत सेंटपर्यंत सारखी दिसते आणि खरा भाव विचारणाऱ्यालाच कळतो. शेतमालाच्या बाजारात पूर्वी रुमालाखाली बोटे दाबून सौदे होत, त्यातलाच हा प्रकार. शेजारच्याला आकडा कळू नये, हेच त्यातील मर्म. म्हणजेच आपल्या मावसभावाचे म्हणणे खोटे नाही.

तथापि तो जो आकडा सांगेल, तो आपल्या हाती पडणाऱ्या कॅमेऱ्याची किंमत नव्हे. अमेरिकेत दर्शनी किमतीत राज्याचा विक्रीकर धरलेला नसतो. ऑरेगन, डेलावेअर यांसारखी मोजकी राज्ये सोडली, तर तो वर द्यावा लागतो. आपल्याकडील छापील किमतीत मात्र सर्व कर समाविष्ट असतात, त्यामुळे या दोन आकड्यांची तुलना मुळातच चुकते. दुसरी गोष्ट सीमाशुल्काची. परदेशातून येणाऱ्या प्रौढ प्रवाशाला एक लॅपटॉप वेगळा शुल्कमुक्त आणता येतो, कॅमेऱ्याला तशी स्वतंत्र सवलत नाही. आपल्यासाठी आणलेली नवी बॉडी सर्वसाधारण मर्यादेत धरली जाते आणि त्यावरील रकमेवर शुल्क भरावे लागते. खोके फेकून देऊन कॅमेरा गळ्यात घालून यावे, हा सल्ला आपल्याला कोणीतरी देईलच. तो या सदरातून मिळणार नाही.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. आपण व्यावसायिक आहात. वस्तू आणि सेवा कराची आपली नियमित नोंदणी असेल, तर इथल्या अधिकृत बिलावरील कराची वजावट आपल्याला मिळते. डिजिटल कॅमेऱ्यांवर हा कर १८ टक्के आहे. २०१९ च्या आरंभापर्यंत तो २८ टक्के होता. समजा, बिल १,१८,००० रुपयांचे झाले, तर त्यातील १८,००० रुपये कराचे असतात आणि बिलावर आपला नोंदणी क्रमांक घातलेला असेल, तर कॅमेरा आपल्याला वस्तुतः एक लाखाला पडतो. मावसभावाच्या नावावरील अमेरिकी पावतीवर यातील काहीच मिळत नाही. (आपण कंपोझिशन योजनेत, म्हणजे लहान व्यावसायिकांसाठीच्या ठोकळ दराच्या कर-योजनेत असाल, तर हा मुद्दा आपल्याला लागू नाही.) शिवाय बॉडीची वॉरंटी सामान्यतः विक्रीच्या देशापुरती असते, ऐन लग्नसराईत शटर अडकले, तर इथल्या सेवा केंद्रात पैसे मोजावे लागतील आणि रांगेतही थांबावे लागेल.

बॉडी इथेच घ्यावी, असे माझे मत आहे. ज्यात बिघडण्यासारखे फारसे काही नसते, अशा वस्तू भावाकडून खुशाल मागवाव्यात. कासवरील बोटभर उंचीच्या फुलांसाठी लागणारी एक्स्टेन्शन ट्यूब ही त्यातली चांगली वस्तू आहे : बॉडी आणि लेन्स यांच्यामध्ये बसणारी पोकळ नळी, जिच्यात काच नसते. लेन्स सेन्सरपासून दूर सरकते आणि फुलाच्या अधिक जवळ जाऊन फोकस करता येतो, एवढेच तिचे काम. फिल्टर, ट्रायपॉडचे हेड, पट्टे यांनाही हरकत नाही.

प्रश्न : भारतात नव्या कॅमेऱ्यांसाठी अशी सेवा माझ्या पाहण्यात नाही. हीच पद्धत आपल्या दुकानदारांशी वापरता येईल का? दुकानात उभे राहून घासाघीस करणे मला जमत नाही. — एक वाचिका, विश्रामबाग, सांगली

उत्तर : निश्चित वापरता येईल, आणि ज्यांना घासाघीस जमत नाही त्यांच्यासाठी ती अधिकच सोयीची आहे, कारण सारे लेखी होते.

खोक्याच्या एका बाजूला पांढरे लेबल चिकटवलेले असते. त्यावर आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, ग्राहकसेवेचा क्रमांक आणि कमाल किरकोळ किंमत छापलेली असते. ही किंमत म्हणजे छत आहे. त्यावर विकता येत नाही, खाली कितीही उतरता येते. विक्रेत्याने ठरावीक भावाखाली विकूच नये, अशी सक्ती उत्पादकाने केली आणि तिने स्पर्धेला बाध आला, तर ती सक्ती २००२ च्या स्पर्धा कायद्याच्या कलम ३ खाली आक्षेपार्ह ठरू शकते. तेव्हा भाव विचारताना आपण काही अनुचित मागत आहोत, असा संकोच बाळगण्याचे कारण नाही.

प्रथम मोठ्या संकेतस्थळांवरील चालू भाव पाहावा; मात्र त्यातून बँक-सवलत आणि जुन्या वस्तूच्या बदल्यातील सूट वजा करून दाखवलेली रक्कम बाजूला ठेवावी, कारण ती प्रत्येकाला मिळतेच असे नाही. ‘नो-कॉस्ट’ हप्त्यांतही व्याजाच्या भागावर कर लागतो, हे अनेकांना हप्ता कापला गेल्यावर समजते. मग कंपनीच्या संकेतस्थळावरील अधिकृत विक्रेत्यांच्या यादीतून सांगलीतील एक, कोल्हापुरातील एक आणि मुंबईच्या फोर्ट भागातील एक, असे तीन विक्रेते निवडून तिघांनाही एकच संदेश पाठवावा. तो साधारण असा असावा : “अमुक मॉडेल, फक्त बॉडी, सीलबंद खोके, भारतीय वॉरंटी, माझ्या नावाचे कर-बिल. सर्व करांसह अमुक रुपयांना देत असाल, तर शनिवारी येऊन पूर्ण रक्कम भरते.” मोघमपणे ‘बेस्ट प्राइस काय’ असे विचारू नये, त्याला उत्तरही मोघमच मिळते. नेमका आकडा, नेमका दिवस आणि पैसे तयार असल्याची खूण, या तीन गोष्टी असल्या की दुकानदार गणित मांडून बघतो.

‘फक्त बॉडी’ आणि ‘सीलबंद’ हे शब्द गाळू नयेत. लेन्ससह येणारे किट फोडून बॉडी वेगळी विकण्याची रीत आहे. ती बॉडी वाईट असते असे नाही, परंतु तिचा भाव वेगळा असायला हवा. सोबत बॅग, मेमरी कार्ड आणि ट्रायपॉड फुकट देण्याची तयारी दुकानदार दाखवील. त्या वस्तू नको असतील, तर त्यांच्याऐवजी किती कमी कराल, असे सरळ विचारावे.

आकडा किती खाली ठेवावा, याला नियम नाही. जे मॉडेल नुकतेच आले आहे, त्यावर दुकानदाराला फारसे सोडता येत नाही. ज्याची पुढची आवृत्ती जाहीर झाली आहे आणि ज्याची खोकी दुकानात पडून आहेत, त्यावर मात्र आपल्या अपेक्षेपेक्षा अधिक सूट मिळते, आणि हौशी छायाचित्रकाराला मागच्या आवृत्तीत सहसा काही उणे पडत नाही. एकाने भाव मान्य केल्यावर तोच आकडा दुसऱ्याला दाखवून आणखी पाडण्याचा खेळ करू नये. सांगलीतील दुकानदार मुंबईपेक्षा हजार-दीड हजाराने महाग पडत असेल, तर मी त्याच्याकडूनच घेईन. सेन्सरवर धूळ बसली किंवा वॉरंटीत कॅमेरा पाठवायचा झाला, तर पार्सलाची यातायात तोच करतो.

प्रश्न : ओएलएक्सवर एक वापरलेली टेलिफोटो लेन्स पाहिली. मी किंमत सांगितली आणि ती लगेच मान्य झाली. विक्रेता स्वतःला सैन्यातील जवान म्हणवतो, बदलीमुळे विकतो असे सांगतो, आणि टोकन म्हणून क्यूआर कोड स्कॅन करण्यास सांगतो. पुढे जावे का? — एक वाचक, कराड

उत्तर : जाऊ नये. सैनिकाचा वेश, बदलीची घाई आणि न पाहता मागितलेले टोकन, ही फसवणुकीची ठरलेली मांडणी आहे. पैसे गेलेच असतील, तर विनाविलंब १९३० या सायबर मदत क्रमांकावर कळवावे. आणि खाजगी व्यक्तीने एखादी वस्तू स्वतःपुरती विकली, तर २०२० चे ई-कॉमर्स नियम तिला लागू होत नाहीत, हेही ध्यानात ठेवावे.

वापरलेली लेन्स समोरासमोर, दिवसाउजेडी पाहूनच घ्यावी. दोन्हीकडची झाकणे काढून, डायफ्राम (लेन्समधील प्रकाशाचे छिद्र लहान-मोठे करणारी पात्यांची झडप) पूर्ण उघडा ठेवून, मागच्या बाजूने मोबाइलची टॉर्च तिरकी धरावी आणि समोरून पाहावे. धूळ ठिपक्यांसारखी दिसते, तिची चिंता नाही. कोळ्याच्या जाळीसारखे बारीक, फाटे फुटलेले धागे काचेच्या कडेला दिसले, तर ती बुरशी आहे. आपल्याकडील पावसाळी हवेत कपाटात पडून राहिलेल्या लेन्सला ती हमखास लागते. अशा लेन्सला कोणताही भाव सांगू नये, कारण साफ केल्यावरही काचेच्या लेपावर तिचे ओरखडे राहू शकतात. बॉडी घेत असाल, तर शटर किती वेळा उडाले आहे, ते विचारावे. निकॉनच्या छायाचित्रात हा आकडा बहुधा फाइलमध्येच नोंदलेला सापडतो. कॅननच्या बाबतीत तो सहसा तसा मिळत नाही. मध्यम श्रेणीच्या डीएसएलआरचे शटर एक ते दीड लाख वेळा चालेल, असे कंपन्या सांगतात, आणि लग्नांत वापरलेला कॅमेरा तिथवर लवकर पोहोचतो.

प्रश्न : आपण सांगितलेली किंमत समोरच्याने स्वीकारल्यानंतर माघार घेता येते का? — एक वाचक, मिरज

उत्तर : सामान्यतः नाही. १८७२ च्या भारतीय करार कायद्यानुसार प्रस्ताव मागे घ्यायचा असेल, तर स्वीकृती समोरच्याकडून रवाना होण्यापूर्वी घ्यावा लागतो. परदेशी सेवांमध्ये कार्डावर आधीच रक्कम अडवून ठेवलेली असते, त्यामुळे ‘बघू तरी मानतो का’ म्हणून आकडा टाकणे महागात पडते. वस्तू सदोष किंवा सांगितल्याहून वेगळी निघाली, तर गोष्ट निराळी. देशातील विक्रेत्याला ती परत घेणे नाकारता येत नाही. आधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक मदत क्रमांकावर तक्रार नोंदवावी, आणि त्याने भागले नाही, तर जिल्हा ग्राहक आयोगात जावे. २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यामुळे आपण राहतो त्याच जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. छायाचित्रण हाच आपला स्वतःचा चरितार्थ असेल, तर कॅमेरा ‘व्यापारी हेतूने’ घेतला म्हणून तक्रार फेटाळली जाईल, अशी भीती बाळगू नये. स्वयंरोजगारासाठी स्वतः वापरलेली वस्तू त्या व्याख्येतून वगळलेली आहे. बिल, खोक्यावरील लेबलचे छायाचित्र आणि भाव ठरल्याचे संदेश जपून ठेवावेत.