शाळेच्या बेसबॉल संघात दोन वर्षं बाकावरच बसतोय. खेळ सोडून द्यावा का?

उत्तर देण्याआधी तुला एक विचारतो: बाकावर बसून तू करतोस काय? तू लिहिलंयस की नववीत आहेस, मोजकेच सामने मिळाले, त्यात बॅट चालली नाही, आणि कर्णधारपद तुझ्यामागून आलेल्या मुलाला मिळालं. शाळेत असताना एक अख्खा मोसम मीही बाकावर काढलाय, त्यामुळे हे किती लागतं ते मला माहीत आहे.

सरांनी माझ्या हातात स्कोअरबुक, म्हणजे सामन्याची नोंदवही, दिलं होतं. आधी ती शिक्षाच वाटली. मैदानातल्या प्रत्येक जागेला आकडा असतो: चेंडू टाकणारा पिचर १, बॅटरच्या मागे बसणारा कॅचर २, सेकंड आणि थर्ड बेसच्या मधला शॉर्टस्टॉप ६. ६-४-३ लिहिलं की शॉर्टस्टॉपकडून सेकंड बेसमनकडे आणि तिथून फर्स्ट बेसमनकडे चेंडू जाऊन झालेला डबल प्ले, म्हणजे एकाच चेंडूवर दोघं आउट. बॅटरने चांगला चेंडू सोडला किंवा बॅट फिरवूनही तो हुकला की स्ट्राइक, आणि तीन स्ट्राइकना आउट, त्याची खूण इंग्रजी ‘के’ (K). बॅटर नुसता बघत राहिला आणि तिसरा स्ट्राइक पडला, तर उलटा ‘के’ काढायचा. महिनाभर हे लिहिल्यावर मला त्या खुणांमागची माणसं दिसायला लागली. अमुक बॅटर पहिला चेंडू कधी सोडत नाही, तमुक दोन स्ट्राइक पडले की खालच्या चेंडूवरही बॅट घालतो. एकदा आमचा पिचर इनिंग संपवून आला आणि थेट मला म्हणाला, “आता पहिला येईल त्याला मागच्या वेळी काय टाकलं होतं रे?” वही न उघडताच मी सांगितलं. पुढच्या सामन्यापासून आणखी दोघं येऊन विचारू लागले. मी तेव्हाही राखीवच होतो, पण संघात माझं एक काम होतं.

त्यातूनच मला कॅचरची जागा मिळाली. खरं तर ती कुणालाच नको होती. अख्खा सामना उकिडवं बसायचं, अंगावर चेंडू घ्यायचे आणि पिचर चेंडू टाकत असतानाच पुढचा बेस चोरायला पळणाऱ्या रनरला रोखायला, बॅटर उभा राहतो त्या होम प्लेटपासून सेकंड बेसपर्यंत १२७ फूट थ्रो करायचा.

आणि मग तो सामना आला. सातवी, म्हणजे शेवटची इनिंग, आम्ही एका धावेने पुढे, दोन आउट, सेकंड आणि थर्डवर त्यांचे रनर. बॅटरने तिसऱ्या स्ट्राइकवर हवेत बॅट फिरवली. सामना आमचाच होता, पण चेंडू जमिनीवर आपटून माझ्या पायांमधून निसटला. असा चेंडू कॅचरच्या हातून सुटला आणि दोन आउट असले, की बॅटरला फर्स्टकडे पळता येतं. मी धावत जाऊन चेंडू उचलला आणि घाईत फर्स्ट बेसमनच्या डोक्यावरून भिरकावला. दोघेही रनर होम प्लेटला पोचले, त्यांच्या दोन धावा झाल्या. हरलो.

दुसऱ्या दिवशी मी सरावाला जाणारच नव्हतो. त्याच पिचरचा निरोप आला: “अर्धा तास आधी ये.” कालचा विषय त्याने काढलाच नाही. मला हात पाठीमागे बांधायला लावले आणि समोर टेनिस बॉल आपटत राहिला. चेंडू पकडायला जायचं नाही, हनुवटी छातीला, खांदे पुढे, छातीवर घेऊन पुढ्यातच पाडायचा. हे पुढे कित्येक आठवडे चाललं. संघ कसा सांभाळायचा, हे मी त्याच्याकडून शिकलो, आणि तोसुद्धा कर्णधार नव्हता.

बॅटचं म्हणशील, तर या खेळाचे आकडेच तसे आहेत. अमेरिकेचा नामवंत बॅटर टेड विल्यम्सचा १९४१चा मोसम आजही थोर मानतात. वॉक (चार वाईट चेंडूंवर फुकट मिळणारा बेस) वगैरे सोडून ४५६ वेळा बॅटिंग, १८५ हिट, म्हणजे फटका मारून बेस गाठला, सरासरी .४०६. म्हणजे त्या वर्षीही २७१ वेळा त्याला हिट मिळाली नाही. तू मोजक्या सामन्यांवरून स्वतःचा निकाल लावतोयस! डेरेक जीटरला १९९२ साली न्यूयॉर्क यँकीज या अमेरिकी संघाने शाळेतूनच निवडलं, आणि १९९३च्या मायनर लीग (खालच्या पातळीवरच्या व्यावसायिक स्पर्धा) मोसमात शॉर्टस्टॉपवर त्याच्या नावावर ५६ एरर, म्हणजे फील्डिंगमधल्या चुका, लागले. जागा त्याने सोडली नाही, फील्डिंगवर घाम गाळला. पुढे त्याच जागेवर उत्तम फील्डिंगसाठीचे पाच गोल्ड ग्लोव्ह पुरस्कार मिळवले आणि २००३ ते २०१४ यँकीजचा कर्णधार राहिला.

एक मात्र मनापासून सांगतो. सरावालाच जावंसं वाटत नसेल, तर खुशाल सोड, त्यात कमीपणा नाही. पण सराव आवडतो आणि फक्त बाक खुपतो, असं असेल तर थांब. सरांना नेमकं विचार: “मी कुठे कमी पडतो, आणि कोणत्या जागेवर माणूस कमी आहे?” “मला का घेत नाही?” असं विचारू नकोस, त्याचं उत्तर सहसा मोघमच येतं. नवा कर्णधार वयाने लहान असला तरी त्याच्या हाकेला सगळ्यात आधी तू ओ दे. मला ते जमायला वेळ लागला होता.

आणि पुढच्या सामन्याला स्कोअरबुक मागून घे. एक पान भरलं की त्यांचा तिसऱ्या क्रमांकाचा बॅटर कसा खेळतो, ते मला इथे खाली लिहून सांग.