चार ठिकाणं, एकच कपाट

प्रश्न : आमचा ॲल्युमिनियमच्या खिडक्या-दारांचा व्यवसाय आहे. मुख्य कार्यालय फोंड्याला, कारखाना कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत, शोरूम म्हापशात आणि मडगावात. माणसं ३२, फाइली सुमारे ४०० जीबी. फोंड्याच्या सर्व्हरला बाकीचे व्हीपीएनवरून (इंटरनेटवरच्या सुरक्षित खाजगी जोडणीने) जोडलेले आहेत. पण साधी एक्सेल उघडायला मिनिट जातं, म्हणून सगळे ड्रॉइंग व्हॉट्सॲपवर धाडतात. त्यातूनच कुंडईत जुन्या ड्रॉइंगवरून माल कापला गेला. मोठा सर्व्हर घ्यावा की सगळं क्लाउडवर न्यावं?
— एक वाचक, फोंडा

उत्तर : मोठ्या सर्व्हरने हे दुखणं जाणार नाही. विंडोजच्या शेअर फोल्डरमधली फाइल उघडताना संगणक आणि सर्व्हर यांच्यात शेकडो छोटे निरोप जातात-येतात. कार्यालयातल्या वायरवर एका निरोपाला एक मिलिसेकंदही लागत नाही. व्हीपीएनवर ३० मिलिसेकंद लागले आणि निरोप ५०० असले, तर नुसत्या ये-जा करण्यातच १५ सेकंद गेले. इंटरनेटचा वेग दुप्पट केला तरी हा वेळ फारसा घटत नाही. आणि कुणी ‘व्हीपीएन काढा, सर्व्हर थेट इंटरनेटवर उघडा’ असं सुचवलं तर साफ नकार द्या. मे २०१७ मध्ये फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा वॉनाक्राय याच शेअरिंगच्या फटीतून पसरला होता.

तुमचं काम एक्सेलवर चालतं, तेव्हा मायक्रोसॉफ्ट ३६५ मधलं शेअरपॉइंट, म्हणजे कंपनीच्या फाइलींचं क्लाउडवरचं सामाईक कपाट, सोयीचं पडेल. गूगलकडे जायचंच असेल तर फाइली ‘शेअर्ड ड्राइव्ह’मध्ये ठेवा. ‘माय ड्राइव्ह’मधल्या फाइलीची मालकी त्या माणसाच्या खात्याकडे असते, तो नोकरी सोडून गेला आणि खातं पुसलं की फाइलीही जातात.

पण खरेदी नंतर. आधी प्रत्येक प्रकारच्या कागदाचं घर एकच कुठलं आणि त्याचा राखणदार कोण, हे कागदावर लिहून काढा. कोटेशन विक्रीचं, ड्रॉइंग डिझाइनचं, बिल लेखा विभागाचं. शाखावार फोल्डर करू नका. तुमची ऑर्डर म्हापशात जन्मते, फोंड्यात रेखाटली जाते, कुंडईत कापली जाते. शाखावार रचनेत तिच्या तीन प्रती होणारच. ऑर्डर क्रमांक हाच फोल्डर ठेवा आणि फोल्डरात फोल्डर चार पातळ्यांपलीकडे नेऊ नका. एक्सेल २१८ अक्षरांपेक्षा लांब पत्ता असलेली फाइल उघडत नाही.

नावांचं आजच ठरवा. गोव्यात हा घोळ जास्त होतो : एकाचा म्हापसा तो दुसऱ्याचा मापुसा, मडगाव-मार्गाव, फोंडा-पोंडा. शोधताना अर्ध्या फाइली सापडत नाहीत. चार ठिकाणांना चार ठरावीक सांकेतिक अक्षरं द्या. तारीख वर्ष-महिना-दिवस या क्रमाने लिहा, म्हणजे फाइली आपोआप क्रमाने लागतात. बिल क्रमांकातली तिरकी रेघ नावात चालत नाही, तिथे आडवी रेघ. जुन्या मराठी फॉन्टांत टाइप केलेली पत्रं असतील तर ती युनिकोडमध्ये बदलून घ्या, नाहीतर शोधपट्टीला ती नुसती अगम्य अक्षरं दिसतील.

कापणीच्या चुकीचं मूळ मात्र इथे आहे : कारखान्याला डिझाइनचा चालू फोल्डर दाखवूच नये. ‘कापणीसाठी मंजूर’ असा वेगळा फोल्डर करा. त्यात फक्त पीडीएफ, आणि ती टाकण्याचा अधिकार डिझाइनच्या एका माणसाला व त्याच्या रजेतल्या बदलीला. कुंडईला फक्त वाचण्याची मुभा. नवी आवृत्ती आली की जुनी त्याच क्षणी ‘रद्द’मध्ये हलवायची. प्रत्येक पानावर आवृत्ती क्रमांक आणि तारीख छापलेली हवी. भिंतीवर डकवलेला कागद कुठलाही संगणक बदलत नाही. कॅडची (ड्रॉइंग काढण्याच्या सॉफ्टवेअरची) मूळ फाइल दोघांना एकाच वेळी बदलता येत नाही, म्हणून तिथे ‘चेक आउट’ सक्तीचं करा, म्हणजे एकाने घेतलेली फाइल तो परत करेपर्यंत दुसऱ्याला बदलता येत नाही. एक्सेलवर अनेकांना एकत्र काम करता येतं, पण जुन्या एक्सएलएस प्रकारात नाही. त्या फाइली आधी नव्या प्रकारात सेव्ह करा.

अधिकार व्यक्तीला देऊ नका, गटाला द्या, आणि वरच्याच फोल्डरवर द्या. आतल्या एकेका फोल्डरवर वेगळी परवानगी देत गेलात तर वर्षभरात कोण काय पाहतो हे कुणालाच सांगता येणार नाही. पगार आणि नेमणुकांचे कागद शेअरपॉइंटमधल्या पूर्ण वेगळ्या साइटवर (स्वतंत्र विभागात) ठेवा.

आता स्थलांतर. अपलोडचा वेग ५० एमबीपीएस असेल तर ४०० जीबीला गणिताने १८ तास, प्रत्यक्षात दीड-दोन दिवस. पावसाळ्यात वीज जाते, झाडं पडून केबल तुटते. मार्चमध्ये हिशेबाची घाई. चवथीच्या आदल्या दिवशीही बदल करू नये, अडलं तर सांगायला आणि सोडवायला माणूस नसतो. दिवाळीनंतरचे आठवडे उत्तम. आधी दोन आठवडे एकटं मडगाव चालवून पाहा. दरपत्रकांच्या एक्सेल एकमेकींना जोडलेल्या असतील तर जागा बदलताच दुवे तुटतात आणि जुनेच दर दिसत राहतात. ‘एडिट लिंक्स’मध्ये (नव्या एक्सेलमध्ये ‘वर्कबुक लिंक्स’) जाऊन एकेक तपासा. शेवटी जुना सर्व्हर फक्त वाचण्यापुरता करा. हे टाळलं की निम्मी माणसं जुन्या जागी लिहीत राहतात. व्हॉट्सॲपवर फाइल नाही, तिची लिंक पाठवायची, हा नियम मालकांनी स्वतः पाळला तरच टिकतो.

सिंक, म्हणजे फाइलीतला बदल सगळ्या संगणकांवर आपोआप पोचवणं, म्हणजे बॅकअप नव्हे. एका संगणकावर रॅन्समवेअरने (वॉनाक्रायसारख्या खंडणीखोर प्रोग्रामने) फाइली कुलूपबंद केल्या की त्याच फाइली सगळीकडे पोचतात. शेअरपॉइंटच्या कचरापेटीत फाइल ९३ दिवस राहते, पुढे नाही. आठवड्यातून एकदा बाहेरच्या डिस्कवर प्रत घ्या, डिस्क काढून दुसऱ्या इमारतीत ठेवा, आणि महिन्यातून एकदा त्यातल्या पाच फाइली खरोखर उघडून पाहा.

प्रश्न : टॅलीचा डेटा फोल्डरच वनड्राइव्हमध्ये (मायक्रोसॉफ्टच्या क्लाउड फोल्डरमध्ये) ठेवला तर दोन शाखांत हिशेब चालेल ना?
— एक वाचक, डिचोली

उत्तर : नाही, कृपया तसं करू नका. टॅलीचा डेटा अनेक फाइलींत विभागलेला असतो आणि त्या एकत्र बदलतात. सिंक मात्र एकेक फाइल आपल्या सवडीने उचलतं. मध्येच लाइन गेली किंवा दोन्ही शाखांत नोंद झाली की संच जुळत नाही आणि कंपनी उघडेनाशी होते. डेटा एकाच संगणकावर ठेवा आणि दुसऱ्या शाखेने रिमोट डेस्कटॉपने (दुरून त्याच संगणकाचा पडदा वापरून) त्यात काम करावं. वनड्राइव्हमध्ये ठेवायचीच असेल तर टॅलीने स्वतः काढलेली बॅकअप फाइल ठेवा, कंपनी बंद केल्यावर, रोज संध्याकाळी.