कंपनीशिवाय ग्रीन कार्ड

प्रश्न : अमेरिकेत भूजलावर पीएचडी केली. कंपनी ग्रीन कार्डासाठी अर्ज करायला तयार नाही. मी स्वतः करू शकते का?

उत्तर : हो, नक्की करा. ईबी-२ या उच्चशिक्षितांसाठीच्या ग्रीन कार्ड गटातल्या राष्ट्रहित सवलतीखाली (नॅशनल इंटरेस्ट वेव्हर) आय-१४० हा अर्ज आपला आपण भरता येतो. नोकरीची ऑफर, लेबर सर्टिफिकेशन (त्या जागेसाठी अमेरिकी माणूस मिळत नाही, असा कामगार खात्याचा दाखला) काही लागत नाही. मीही तसाच भरला. या सवलतीचे निकष ठरवणाऱ्या २०१६ च्या धनासर खटल्याच्या निकालानुसार कामाचं राष्ट्रीय महत्त्व, ते पुढे नेण्याची तुमची तयारी आणि ऑफरची अट माफ करण्यात देशाचं हित, हे पटवावं लागतं. माझ्या पहिल्या शिफारसपत्रांत नुसतीच स्तुती होती. वकीलबाईंनी ती परत केली : "तुमच्या मोजणीमुळे कुठल्या विहिरीचं काय झालं, ते लिहून आणा." जन्म भारतातला असेल तर ग्रीन कार्डाची रांग वर्षानुवर्षांची आहे. म्हणूनच अर्ज लवकर टाका. रांगेतली तारीख त्याच दिवसापासून धरतात.