वडिलांच्या नडगीवर लावलेला फ्लॅप (जखम झाकायला रक्तवाहिन्यांसकट आणून बसवलेला त्वचा-मांसाचा तुकडा) निळसर दिसतोय, थांबावं का?
अजिबात थांबू नका. सकाळच्या राउंडची वाट न बघता आत्ताच सिस्टरला दाखवा. निळा-जांभळा, फुगलेला फ्लॅप म्हणजे बहुधा रक्त आत येतंय, पण शिरेतून परत जात नाहीये. पांढराफटक आणि गार पडला तर धमनी अडल्याची शंका. डॉक्टर बोटाने दाबून सोडतात. रंग साधारण २-३ सेकंदांत परतायला हवा. क्षणात परतला तर खूश होऊ नका, तेही शीर तुंबल्याचंच लक्षण. पहिले ४८ ते ७२ तास फार जपायचे. वेळेत ऑपरेशन थिएटरमध्ये नेऊन रक्ताची गुठळी काढली तर फ्लॅप बरेचदा वाचतो. सांगितल्याशिवाय पाय खाली सोडू देऊ नका. आणि बीडहून भेटायला येणाऱ्या पाहुण्यांना दारातच बजावा, वडिलांच्या हातावर तंबाखू टेकवायची नाही. निकोटिनने रक्तवाहिन्या आकसतात.